मंद रंगांचे रंजन : नंदुरबार परिसरातील एका विस्मृत कौशल्याचा विचार

मराठीत रंगांची जी नावे रूढ आहेत त्यांतून तांबडा, पिवळा, निळा, काळा, पांढरा अशी मोजकी नावे वगळली, तर उरलेली बहुतेक नावे कोणत्या ना कोणत्या पदार्थावरून आलेली दिसतात. बदामी, अंजिरी, राखी, पारवा, मातकट, काती, तपकिरी, उदी ही त्यांतील काही होत. यांत एक गोष्ट सहज ध्यानात येते. यांपैकी एकही रंग भडक नाही. सारे रंग माती, राख, साल, वाळलेले फळ, पक्ष्याचे पीस यांच्या कुळातील आहेत. तपकिरी हे नाव नाकात ओढावयाच्या तपकिरीवरून आले असेल, तर ते पोर्तुगीजांनी तंबाखू आणल्यानंतरचे मानावे लागते. रंग मात्र त्याहून कितीतरी जुना असला पाहिजे. ज्या समाजात एखाद्या वस्तूचे इतके सूक्ष्म भेद नावानिशी ओळखले जातात, त्या समाजात ती वस्तू सहेतुक निर्माण केली जात होती, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.

हे सांगण्याचे कारण असे की, हिंदी वस्त्ररंजनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी प्रायः निळीवर आणि तांबड्यावर खिळलेली असते. निळीचा व्यापार मोठा, त्याची कागदपत्रे विपुल. तांबड्या छिटांनी युरोपची बाजारपेठ काबीज केलेली. मधल्या धूसर रंगांना या इतिहासात स्थान मिळाले नाही. मिळाले तेथे ते दारिद्र्याचे किंवा अकुशलतेचे लक्षण म्हणून मिळाले. हलका रंगारी, हिणकस द्रव्य, म्हणून मळकट रंग, अशी ही समजूत आहे. प्रस्तुत लेखात खानदेशाच्या पश्चिम भागाच्या, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या, संदर्भात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु तापीचे खोरे आणि त्याच्या उत्तरेची सातपुड्याची रांग हा त्याचा प्रदेश इतिहासात फार पूर्वीपासून स्वतंत्रपणे ओळखला जातो.

प्रथम या प्रदेशाचे स्थान पाहू. सुरतेहून बऱ्हाणपुरास आणि तेथून पुढे आग्र्यास जाणारा राजमार्ग नवापूर व नंदुरबार यांवरून जात असे. विल्यम फिंच १६१० मध्ये आणि सर टॉमस रो १६१५ मध्ये याच मार्गाने गेले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नवापूर हे विणकरांनी भरलेले मोठे गाव असल्याची नोंद आहे. अर्थात, तेथील मुख्य व्यापार त्याच्या मते तांदळाचा होता, आणि त्या सुवासिक तांदळाचेच वर्णन त्याने अधिक रसाने केले आहे. विणकरांविषयी तो एका वाक्यावर थांबतो. प्रवाशांच्या लेखनाची ही नेहमीचीच अडचण आहे. खाल्लेले त्यांच्या स्मरणात राहते. तरीही ते एक वाक्य मोलाचे आहे, कारण जेथे विणकरांची वस्ती तेथे रंगाऱ्याची भट्टी जवळपास असावी लागते. या मार्गाच्या पूर्व टोकाला बऱ्हाणपूर, पश्चिम टोकाला सुरत, मध्ये धरणगावासारखी कापडाची पेठ (इंग्रजांनी तेथे १६७४ मध्ये वखार घातली होती), आणि तापीच्या वरच्या अंगाला निळ्या-तांबड्या रंगकामासाठी नावाजलेले फैजपूर. नंदुरबारचा रंगारी या साखळीतील एक कडी होता.

ही साखळी अखंड मात्र राहिली नाही. १६३० च्या दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी नंदुरबारावरून गेला. गावात आणि गावाबाहेर इतकी प्रेते पडली होती की, लहानसा तंबू ठोकण्यापुरती जागा शोधण्यासही त्याला त्रास पडला, असे त्याने लिहून ठेवले आहे. गुजरात-खानदेशातील विणकर या दुष्काळात मेले किंवा देशोधडीस लागले, आणि पुढील काही वर्षे सुरतेच्या वखारवाल्यांना माल मिळेना. हातातले कसब लिहून ठेवले जात नाही. ते माणसाबरोबर जाते. म्हणून सतराव्या शतकापूर्वीच्या कृती आणि एकोणिसाव्या शतकात नोंदल्या गेलेल्या कृती एकच होत्या, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

अकबरकालीन परिस्थितीविषयी मात्र एक चांगला पुरावा आहे. आईन-इ-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असतेच. त्याच ग्रंथात शालींच्या प्रकरणात बादशहाच्या आवडीच्या रंगांची एक लांबलचक यादी अबुल फजलने दिली आहे. तीत माणकासारखा, सोनेरी, किरमिजी हे रंग आहेत. परंतु त्यांच्या पंक्तीस चंदनाचा, बदामाचा, मधाचा, वाळल्या गवताचा, भूर्जपत्राचा, कस्तुरीचा आणि पारव्याचा रंगही बसविलेला आहे. ज्याला जगातील कोणताही रंग मागता येत होता त्याने वाळल्या गवताचा रंग मागितला. मंद रंग म्हणजे दरिद्र्याचा रंग या समजुतीस यापेक्षा वेगळे उत्तर द्यावयास नको. शाली लोकरीच्या असतात आणि लोकर रंग सहज घेते, हे येथे लक्षात ठेवावे. सुतावर तोच परिणाम साधणे हे निराळे काम होते, आणि नंदुरबारच्या रंगाऱ्याचे काम सुताशी होते.

त्याही मागे जावयाचे तर एक शब्द पुरेसा आहे. संस्कृतात ‘कषाय’ म्हणजे तुरट रस. ‘कषाय’ म्हणजे झाडाची साल उकळून केलेला काढा. आणि ‘काषाय’ म्हणजे त्या काढ्यात रंगविलेले भिक्षूचे मळकट तांबूस वस्त्र. चव, द्रव्य आणि रंग या तिन्हींना भाषेने एकाच धाग्यात ओवले आहे. विनयपिटकातील महावग्गात भिक्षूंना मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या वानस्पतिक रंगांची अनुज्ञा आहे, आणि निव्वळ निळ्या, निव्वळ पिवळ्या, निव्वळ तांबड्या वस्त्रांना मनाई आहे. म्हणजे शुद्ध रंग मोडून मंद करणे हे येथे नियमानेच सांगितले आहे. पुरातत्त्वाकडे वळावे तर शहादे तालुक्यात तापी-गोमाई संगमावर प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उघडकीस आली, आणि तांबड्यावर काळ्या नक्षीची मृत्पात्रेही मिळाली. परंतु कुंभाराच्या रंगावरून रंगाऱ्याच्या रंगाकडे उडी मारण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. कुंभाराचा रंग माती आणि अग्नी यांचा असतो. सुताला लागणारा रंग पाण्यात विरघळावा लागतो आणि नंतर त्याच पाण्यात न विरघळता राहावा लागतो. सगळी विद्या या विरोधात आहे.

आता प्रत्यक्ष रंजनाकडे वळू. आजचा माणूस रंग मिसळणे म्हणजे दोन डब्यांतील रंग तिसऱ्यात ओतून ढवळणे असे समजतो. जुन्या रंगाऱ्याचे मिश्रण भांड्यात क्वचितच होई. ते कापडावर होई. एकाच मुळाचा काढा तुरटी लावलेल्या कापडावर तांबडा उमटतो, लोखंडाचे पाणी लावलेल्या कापडावर काळपट जांभळा, आणि तुरटी व लोखंड दोन्ही लावलेल्या कापडावर तपकिरी. भांडे एक, द्रव्य एक, आणि त्यातून निघणारी वस्त्रे तीन रंगांची. तुरटी व लोखंड यांचे प्रमाण बदलीत गेले की विटकरी, काती, तपकिरी, उदी अशा छटांची एक उतरंडच तयार होते. रंगाऱ्याचे कौशल्य रंगात नव्हते, रंगबंधकात होते.

लोखंडाचे हे पाणी करण्याची रीत साधी आहे. गंजलेले लोखंड, नालांचे तुकडे, खिळे मडक्यात गुळाच्या पाण्यात टाकून ते काही दिवस आंबू द्यावयाचे. आंबटपणा लोखंडाला खातो व पाणी काळसर होते. हेच काम हिराकसानेही होते, परंतु हिराकस सुताला अधिक जाचते. याच्या जोडीला हवा तुरट पदार्थ, आणि तो सातपुड्याने भरपूर दिला होता: हिरडा, बेहडा, धायटीची फुले, बाभळीची व ऐनाची साल, खैराचा कात. लोखंड आणि तुरटपणा यांची गाठ पडली की काळिमा येतो. हे रसायन समजण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. लोखंडी विळीवर आवळा चिरणाऱ्या प्रत्येक गृहिणीला फोडींच्या कडा काळ्या पडलेल्या दिसतात. रंगाऱ्याने तो काळेपणा मोजूनमापून वापरला एवढेच. हिरड्याच्या फिकट पिवळ्या कापडास लोखंडाचे अगदी पातळ पाणी दाखविले की पारवा रंग येतो. थोडे घट्ट केले की राखी. पुन्हा पुन्हा पुटे दिली की काळा. डाळिंबाच्या सालीचा पिवळा याच पाण्याने शेवाळी होतो. हळदीवर निळीचा हलका पास दिला तर हिरवा येतो, पण हळद उन्हात उडते आणि मागे निळा उरतो. म्हणून जाणता रंगारी तेथे हळदीचा भर हिरड्यावर टाकी. रंग थोडा मळका येई, पण टिके. मंदपणा आणि पक्केपणा यांचा असा संबंध आहे. भडक म्हणून जे रंग लोकांस प्रिय होते, म्हणजे कुसुंब्याचा गुलाबी, पळसाचा केशरी, हळदीचा पिवळा, ते सारे कच्चे. सणाला ते शोभत आणि सणाबरोबर जात. रोज उन्हात राबणाऱ्याच्या अंगावर जो रंग वर्षभर राहावा लागे, तो तुरट द्रव्यांतून आणि लोखंडातूनच येई.

तांबड्याचे मूळ द्रव्य आल. हे झाड खानदेश-वऱ्हाड-माळव्याच्या काळ्या जमिनीत पेरले जाई आणि तीन-चार वर्षांनी खोल खणून त्याची मुळे काढीत. रंग मुळाच्या सालीत असल्याने बारीक मुळ्यांना भाव अधिक व जाड मुळाला कमी, किंवा मुळीच नाही. आलाने सूत रंगविणे हे अत्यंत चिकाटीचे काम होते. आधी कापड तेल, पापडखार आणि शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मळून उन्हात वाळवावयाचे, पुन्हा मळावयाचे, पुन्हा वाळवावयाचे. मग हिरडा, मग तुरटी, आणि शेवटी कुटलेल्या आलाबरोबर पाण्यात घालून आच हळूहळू वाढवावयाची. त्या पाण्यात धायटीची फुले टाकीत. अशा रीतीने तयार झालेले जाडे तांबडे कापड म्हणजे खारवा. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांची बासने, गोधड्यांची अस्तरे, तंबूंची आतली बाजू यांसाठी खारव्यासारखे कापड नव्हते. आलाचा तांबडा हा कधीच कुंकवासारखा झळझळीत नसतो. त्यात विटेची, भाजलेल्या मातीची छटा असते. युरोपीय निरीक्षकांना हा दोष वाटला. ग्राहकाला तो तसा वाटत होता असे दिसत नाही, कारण आलाहून स्वच्छ लाल देणारी मंजिष्ठा बाजारात मिळत असूनही खारवा विकला जात होता.

या ठिकाणी डोंगरातल्या माणसाचा विचार केला पाहिजे. हिरडा, धायटी, कात, लाख, साली ही द्रव्ये रंगाऱ्याच्या अंगणात उगवत नव्हती. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे, नवापूर या भागांतील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा लोकांनी ती गोळा करून खाली आणल्यावाचून तळच्या पेठांतील एकही मडके चढत नव्हते. कोणते झाड कोणत्या महिन्यात तुरट असते, साल कोणत्या बाजूने काढली तर झाड जगते, हे ज्ञान त्यांचे होते. इतिहासात मात्र ‘रंगारी’ या जातीची नोंद झाली, आणि द्रव्य आणणारा ‘जंगलातील लोक’ या दोन शब्दांत संपला. वस्त्ररंजनाच्या इतिहासातील ही उणीव रंगांच्या उपेक्षेहून मोठी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ही जोडणी तुटली ती दोन्ही टोकांनी. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या कुळातील मुख्य रंगद्रव्य, अलिझारीन, कृत्रिम रीतीने तयार केले, आणि थोड्याच वर्षांत ते बाजारात आले. तीन वर्षे जमीन अडवून ठेवणारे आल त्याच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. त्यातच १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले होते व खानदेशची काळी जमीन कापसाकडे वळली होती. या दोन कारणांपैकी आलाला अधिक कोणते बाधले हे ठरविणे कठीण आहे. माझा कल कापसाकडे आहे, कारण जमीन आधी जाते, द्रव्य मागाहून. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये विक्रीस आली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे पुढे गेली आणि गिरणीचे रंगीत कापड सातपुड्याच्या पायथ्याशी उतरू लागले.

दुसरे टोक जंगलाचे. १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित अशी जंगलांची वर्गवारी झाली. पुढे १९२७ च्या कायद्यात ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या करताना जे पदार्थ नावानिशी सांगितले, त्यांत कात, साल, लाख आणि हिरडा हे चारही आहेत. आणि ते जंगलात सापडोत वा अन्यत्र, वनोपजच मानावयाचे आहेत. रंगाऱ्याच्या निम्म्या कपाटाची ही यादी आहे. ज्या वस्तू डोक्यावर टोपली घेऊन बाजारात आणाव्या आणि मीठ-कापड घेऊन परतावे, त्या वस्तूंसाठी आता परवाना लागू लागला. गौण वनोपजावरील स्थानिकांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला; पण तोवर खालच्या पेठेत ते द्रव्य विकत घेणारा रंगारी उरला नव्हता.

गमतीची गोष्ट अशी की, देशी मंद रंग मागे पडत असतानाच युरोपीयांना त्याच रंगांची निकड भासली. पेशावरच्या गाइड्स पलटणीने १८४६-४७ च्या सुमारास धुळीच्या रंगाचा पोशाख घेतला; १८५७ मध्ये गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहात आणि मिळेल त्या काढ्यात बुडवून मातकट केले. तो रंग धुण्यात सारखा राहीना, म्हणून गॅटी नावाच्या रंजकाने १८८४ मध्ये लोह व क्रोमियम यांच्या क्षारांपासून पक्क्या खाकीचे पेटंट घेतले. खाकी म्हणजे खाकेचा, धुळीचा. ज्या लोखंडाने नंदुरबारचा रंगारी पारवा रंग काढीत होता त्याच लोखंडाने हा रंग आला. फरक इतकाच की एकाला मळकटपणा म्हटले आणि दुसऱ्याला पेटंट मिळाले.

ब्रिटिश अमदानीत या विद्येची नोंद झालीच नाही असे मात्र नव्हे. फॉसेट या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील रंग व रंजनावर १८९६ मध्ये एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्याआधी टॉमस वॉर्डल याने हिंदी वनस्पतींनी रंगविलेल्या सूत, रेशीम व लोकरीचे हजारो नमुने तयार करून ते खंडांत चिकटविले. ते कलकत्त्यास आजही आहेत. हे नमुने पाहिले की मंद छटांचे प्रमाण किती मोठे आहे ते कळते. पहिल्या महायुद्धात १९१४ पासून जर्मन रंगांची आयात थांबली तेव्हा अशा नोंदी काही काळ पुन्हा चाळल्या गेल्या, आणि खादीच्या चळवळीत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी ‘देशी रंग’ या पुस्तकाने त्यास चालना दिली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. ते खेडे फैजपूर होते. नंदलाल बोस यांनी तेथील नगराची सजावट बांबू व इतर स्थानिक साहित्यातून केली. ज्या गावाची कीर्ती रंगाऱ्यांनी वाढविली होती त्या गावी हे व्हावे हा योगायोगच म्हणावयाचा.

शेवटी पुराव्याविषयी. मंद रंगांची वस्त्रे आज इतकी कमी का सापडतात, याचे एक कारण स्वतः त्या रंगातच आहे. लोखंड व तुरट द्रव्य यांचा संयोग कालांतराने सुताला कुरतडतो; त्यातील आम्ल व लोह धागा ठिसूळ करतात. ईजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेली गुजराती छिटे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. त्यांची संख्या बाराशेच्या आसपास आहे. अशा जुन्या छिटांत तांबडा व निळा भाग शाबूत आणि काळ्या-तपकिरी रेघांच्या जागी कापड विरून गेलेले, असे अनेकदा दिसते. म्हणजे संग्रहालयात जे राहिले त्यावरून जे होते त्याचे प्रमाण काढणे चुकीचे ठरेल. उजळ रंग तेथे अधिक दिसतात, कारण मंद रंगांनी आपले कापड खाल्ले.

तथापि, खारव्याला ही बाधा कमी आहे, कारण त्यात तुरटी प्रधान आणि लोखंड अल्प. नंदुरबार, शहादे, तळोदे येथील जुन्या पेढ्यांत चोपड्यांची बासने अद्याप असण्याचा संभव आहे, आणि चोपडीवर संवत लिहिलेला असल्याने कापडाचा काळही बहुधा निश्चित करता येतो. कृत्रिम लालात अलिझारीन असते, तर आलात मोरिंडोन हे वेगळे द्रव्य मिळते. वर्णलेखनाच्या रीतीने हा भेद बोटाच्या पेराएवढ्या धाग्यावरूनही उघड होतो. १८६० ते १९०० या चाळीस वर्षांतील संवतवार चोपड्या मिळाल्या, तर कोणत्या वर्षी या पेठेत आल संपले आणि अलिझारीन आले हे त्यांच्या पाठींवरूनच सांगता येईल, आणि वर मांडलेला कापसाविषयीचा माझा तर्क टिकतो की पडतो, तेही.